दुसऱ्याच्या नावाचं विष

साप दिसला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: विषारी आहे का? केवढा आहे, कुठून आला, काय करतोय, हे सगळं नंतर. आणि बहुतेक वेळा ते ‘नंतर’ येतच नाही. विषारी म्हटलं की काठी. बिनविषारी म्हटलं तरी काठीच, फक्त जरा कमी घाईने. हा प्रश्न गैर आहे असं मुळीच नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पहाटे पाणी द्यायला शेतात जाणाऱ्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ही चार नावं महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात ती त्याचमुळे.

विषारी सापांच्या तक्त्यात या चौघांच्या खाली बऱ्याचदा एक पाचवं नाव छापलेलं असतं: पोवळा. दवाखान्याच्या भिंतीवर किंवा शाळेच्या वऱ्हांड्यात आपण ते वाचतो आणि पुढे जातो. चित्रात पोवळा नागाच्या शेजारी, नागाएवढाच काढलेला असतो, त्यामुळे मनातही तो तेवढाच राहतो. प्रत्यक्षात तो जेमतेम एक फूट लांबीचा आणि करंगळीच्या निम्म्या जाडीचा जीव आहे. दिवसाउजेडी सहसा बाहेर पडत नाही. दगडाखाली, पाल्यापाचोळ्यात, मऊ मातीत त्याचा मुक्काम. खेड्यात जन्म काढलेल्या माणसांनीही तो पाहिलेला नसतो, किंवा पाहून गांडूळ समजून सोडून दिलेला असतो.

मला तो भेटला पुण्याबाहेर, आत्याच्या परसात. वळवाचे एकदोन पाऊस होऊन गेले होते आणि मागच्या भिंतीला रचलेल्या जुन्या विटा हलवायचं काम चाललं होतं. बागेच्या कामाला येणाऱ्या मावशींना तळच्या ओलीत काहीतरी वळवळताना दिसलं. “गांडूळ म्हणावं तर अंगाला चिकटपणा न्हाई त्याच्या,” त्या म्हणाल्या आणि दोन पावलं मागे सरकल्या. निरीक्षण अचूक होतं. गल्लीतल्या सर्पमित्राला फोन गेला. तो आला, वाकून बघितलं आणि हातातला हुक भिंतीला टेकवून ठेवला. “काका, याला हुक नको. हुकच याच्यापेक्षा जाड आहे. एक काचेची बरणी द्या.” लोणच्याची रिकामी बरणी आडवी धरून, पुठ्ठ्याच्या तुकड्याने अंग न दाबता त्याने साप आत घेतला आणि झाकण लावलं.

बरणी काचेची होती म्हणून सापाच्या दोन्ही बाजू बघता आल्या. वरून बघितलं तर तो मातकट तपकिरी. नीट पाहिल्यावर कळलं की प्रत्येक खवल्यावर एक बारीक गडद ठिपका आहे आणि त्या ठिपक्यांच्या रांगा पाठीवरून शेपटीपर्यंत गेल्या आहेत. डोकं आणि मान काळीभोर. त्या काळ्यावर पिवळसर टिकल्या. मान अशी वेगळी कळतच नाही. डोकं संपतं कुठे आणि अंग सुरू होतं कुठे, हे फक्त रंगावरून ठरवायचं. खवले इतके गुळगुळीत की उजेड त्यांच्यावरून घसरत होता. शेपटी आखूड, तिच्यावर दोन काळी कडी: एक शेपटी सुरू होते तिथे, दुसरं टोकाजवळ. एवढं बघून कोणालाही वाटावं, की असेल बुवा एखादा साधासा साप.

मग सर्पमित्राने बरणी डोळ्यांच्या वर धरली. खालच्या बाजूने साप लाल होता. गळ्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत एकसारखा, भडक, शेंदराकडे झुकणारा लाल. आणि शेपटीच्या तळाशी तो लाल एकदम थांबून तिथे निळसर राखाडी रंग, काळ्या ठिपक्यांसकट. अंगठीतल्या पोवळ्याचा रंग पाहिलेल्या माणसाला नावाचं कारण वेगळं सांगायला नको. मला नवल वाटलं ते रंगाच्या जागेचं. जगातले बरेचसे भडक रंगाचे प्राणी आपला रंग पाठीवर मिरवतात. हा तो मातीला लावून चालतो. जन्मभर अंधारात राहणाऱ्या प्राण्याने एवढा लाल रंग अंगाच्या अशा बाजूला बाळगावा, जिथे तो कोणालाच दिसणार नाही!

अर्थात, दाखवायची वेळ येते. बरणीवर जरा टिचकी वाजली तसं त्याने अंगाची वेटोळी केली, डोकं त्यांच्या खाली सारलं आणि शेपटी वळवून वर उचलली. निळसर बाजू बाहेर. डसायची तयारी त्यात कुठेच नव्हती. नाग फणा काढतो तेव्हा डोकं पुढे असतं, शस्त्र समोर असतं. पोवळा नेमकं उलट करतो. नाजूक आणि महत्त्वाचं ते लपवतो, गेलं तर परवडेल ते पुढे करतो. रंगीत शेपटीकडे बघत राहिलेला शत्रू चोच मारेल ती शेपटीवर. डोकं वाचलं की जीव वाचला.

नाग आणि पोवळा यांची तुलना ओढूनताणून केलेली नाही. दोघं एकाच कुळातले, आणि मण्यारही त्यांच्यातलीच. विषदंत तोंडात पुढच्या बाजूला आणि जागच्या जागी पक्के. घोणशीसारखे दुमडून ठेवता येणारे नव्हेत. नाकपुडी आणि डोळा यांच्यामध्ये इतर बऱ्याच सापांना एक छोटा खवला असतो, तो या कुळात नसतो. अंगाच्या मध्यावर आडवे खवले मोजले तर पोवळ्याला १३ ओळी भरतात. ही मोजणी उगाच नाही. काळडोक्या नावाचा एक निरुपद्रवी साप आपल्याकडे आहे. त्याचंही डोकं काळं, अंग तपकिरी, पाठीवर ठिपके. त्याच्या मानेवर पिवळा पट्टा असतो, शेपटी लांब असते, पोट लाल नसतं आणि खवल्यांच्या ओळी भरतात १७. चार ओळींचा फरक. तेवढ्यावर एकाचं नाव विषारीच्या रकान्यात जातं आणि दुसऱ्याचं बिनविषारीच्या. साप काही हे मोजत बसत नाहीत. रकाने आपले.

आता विषाचं. पोवळा विषारी आहे, यात शंका नाही. त्याचं विष मज्जासंस्थेवर काम करणारं, कुळाच्या रीतीला धरूनच. पण ते तयार झालंय कोणासाठी? पोवळ्याचं मुख्य अन्न म्हणजे वाळा. कुंडीतली माती उपसताना हाती लागतो तो, काळपट, चकचकीत, डोळ्यांच्या जागी नुसते दोन ठिपके असलेला वीतभर साप. वाळा मुंग्यांची आणि वाळवीची अंडी-अळ्या खातो. त्याची आणखी एक गंमत म्हणजे या जातीत नर नसतातच. सगळ्या माद्याच, आणि त्या नराशिवाय अंडी घालतात. त्यामुळे कुंडीतल्या मातीबरोबर एक जरी वाळा बोटीतून परदेशी गेला तरी तिथे त्याची वसाहत उभी राहते. जगभर तो असाच पसरलाय. तर मुंगीच्या अळ्या वाळ्याच्या पोटात आणि वाळा पोवळ्याच्या. आत्याच्या विटांखाली हा सगळा कारभार चालू होता आणि वरती आम्ही पापड वाळत घालत होतो.

या कारभारात विषाचं काम समजायला सोपं आहे. हातपाय नसलेल्या सापाने बिळात दुसरा साप धरायचा, तोही गुळगुळीत खवल्यांचा आणि सतत पिळे मारणारा. पकडून ठेवायला पंजे नाहीत, आवळायला ताकद नाही, जागाही नाही. अशा वेळी भक्ष्याचे स्नायू गप्प करणारं औषध दातातच असेल तर भागतं. पोवळ्याचं तोंड एवढंसं, दात त्याहून बारीक. ती हत्यारं वाळ्याच्या मापाने घडलेली आहेत. माणसाच्या अंगठ्याची जाडी त्या हिशेबात कधी आलेलीच नाही. म्हणूनच त्याच्या दंशाच्या नोंदी अगदी मोजक्या सापडतात. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस घोड्यांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांची विषं टोचून करतात. पोवळ्याच्या विषाला त्यात जागा नाही. याचा अर्थ त्याला तळहातावर घेऊन फोटो काढावा असा नाही. विष ते विषच, आणि दंश झाला तर गाठायचं ते रुग्णालयच. पण रस्त्यात सापडलेलं दुसऱ्याच्या नावाचं पत्र उघडून ‘हे मला धमकीचं आहे’ म्हणत धावत सुटण्यासारखं काहीतरी आपण या सापाबाबत करत आलो आहोत.

पोवळ्याचे भाऊबंद पाहिले की ही गोष्ट जास्त ठळक होते. मलेशिया, इंडोनेशिया, थायलंड या भागात याच प्रजातिसमूहातला एक निळा साप राहतो. दीड मीटरच्या पुढे जाणारा, अंग गर्द निळं, डोकं आणि शेपटी लालभडक. त्याच्या विषग्रंथी डोक्यात मावत नाहीत. त्या मानेतून मागे उतरतात आणि अंगाचा चौथा हिस्सा व्यापतात. त्यांना जागा करून द्यायला काळीज मागे सरकलंय. हा सापही इतर साप खातो, अगदी मण्यारीच्या जातीचेही. भक्ष्यच उलटून चावणारं असेल तर हळूहळू भिनणारं विष काय कामाचं? नागाचं विष मज्जातंतूकडून स्नायूकडे येणारा निरोप अडवतं, त्यामुळे अंग लुळं पडत जातं. त्याला वेळ लागतो. या निळ्या सापाचं विष उलट्या वाटेने जातं. मज्जातंतूंमध्ये सोडियमला आत सोडणाऱ्या दारांना ते उघडंच अडकवून ठेवतं. सगळे निरोप एकाच वेळी सुटतात, सगळे स्नायू एकदम आखडतात आणि भक्ष्य जागच्या जागी ताठ होतं. २०१६ साली हा शोध प्रसिद्ध झाला तेव्हा शास्त्रज्ञांचा एक रस असाही होता, की वेदना वाहून नेणारी दारं याच घराण्यातली असल्यामुळे या विषातून वेदनाशामकांच्या अभ्यासाला काही मिळेल का. सापाने सापासाठी तयार केलेल्या द्रव्यात माणसाने आपली दुखणी शोधायची! चांगलंच आहे म्हणा ते; काठीपेक्षा तर खासच.

पोवळ्याचं विष वाळ्याच्या नावाचं, तर रंग कोणाच्या नावाचा? याचं उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेकडे बघावं लागतं, कारण तिथल्या लांबच्या चुलत भावंडांवर बरीच वर्षं काम झालेलं आहे. तिथले पोवळे रंगाच्या बाबतीत आपल्याकडच्यासारखे लाजरे नाहीत. लाल, पिवळी, काळी कडी सगळ्या अंगावरून, पाठीपोटासकट. १९७५ साली सुझन स्मिथ यांनी कोस्टा रिकात एक साधा प्रयोग केला. मॉटमॉट नावाच्या पक्ष्याची पिल्लं त्यांनी हाताने वाढवली. या पिल्लांनी आयुष्यात साप पाहिलेला नव्हता. मग त्यांच्यापुढे रंगवलेल्या लाकडी कांड्या ठेवल्या. हिरव्या-निळ्या कड्यांच्या कांडीवर पिल्लांनी खुशाल चोची मारल्या. पिवळ्या-लाल कड्यांच्या कांडीपासून मात्र ती दूर पळाली. कोणी शिकवलेलं नाही, चावा बसलेला नाही, तरी भीती हजर. कित्येक पिढ्यांनी मोजलेली किंमत त्या पिल्लांना जन्मतःच मिळाली होती.

एवढी खात्रीची भीती म्हटल्यावर तिचा फायदा घेणारेही आलेच. अमेरिकेत लाल-पिवळ्या-काळ्या कड्यांचा एक बिनविषारी साप आहे, तो पोवळ्याची हुबेहूब नक्कल करतो. दोघांमधला फरक लक्षात राहावा म्हणून तिथल्या लोकांनी कड्यांच्या क्रमावर एक यमकही जुळवून ठेवलंय. ते त्यांच्या प्रदेशात ठीक, दक्षिणेकडे उतरलं की फसतं. डेव्हिड फेनिग आणि सहकाऱ्यांनी २००१ साली मातीच्या लगद्याचे नकली साप रानात ठेवून पाहिलं, की या नकलेचा उपयोग कुठे होतो. जिथे खरे पोवळे राहतात तिथे शिकारी प्राण्यांनी कड्यांच्या नकली सापांना टाळलं. जिथे खरे पोवळे नाहीत तिथे त्यांचाच जास्त फडशा पाडला. म्हणजे रंग नुसता असून चालत नाही. तो वाचता येणारं कोणीतरी आसपास असावं लागतं.

याच्यापुढची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. नॉर्थ कॅरोलायनातल्या वाळूच्या टेकड्यांच्या प्रदेशातून खरे पोवळे १९६० च्या सुमारास नाहीसे झाले. नकलाकार उरले. मूळ गेलं म्हटल्यावर नक्कल सैल पडत जाईल, असंच कोणालाही वाटेल. पण जुन्या संग्रहांतले साप आणि नंतर गोळा केलेले साप शेजारी ठेवून मोजले तेव्हा उलटंच दिसलं: नंतरच्या नकलाकारांची कडी पूर्वीपेक्षा जास्त पोवळ्यासारखी होती. संशोधकांचं म्हणणं असं, की खरा साप दुर्मीळ होत गेला तेव्हा शिकाऱ्यांनी कच्ची नक्कल खपवून घेणं बंद केलं. त्या काळात चोख नकलाच वाचल्या, आणि त्या ओढीचा परिणाम खरा साप गेल्यावरही पुढे चालू राहिला. धाकाचा मालक गेला तरी धाक चालतो. माणसांच्या राज्यांबद्दल हे आपल्याला माहीत होतं; सापांच्या कातडीवर ते मोजताही येतं, हे नवीन.

आपल्या पोवळ्याच्या वाट्याला असा अभ्यास फारसा आला नाही. १८०२ साली ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज शॉ यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं. हेच ते शॉ, ज्यांनी तीन वर्षांपूर्वी बदकाच्या चोचीचा, केसाळ अंगाचा प्लॅटिपस जगापुढे मांडला होता आणि मांडताना ही कोणी चेष्टा तर केलेली नाही ना, अशी शंकाही घेतली होती. पोवळ्याबद्दल कोणाला शंका आली नाही; छोटा साप, काळी शेपटी, नोंद झाली, विषय संपला. त्यानंतर दोन शतकं उलटली तरी आपल्या पश्चिम किनारपट्टीवर त्याचा एक भाऊ बिननावाचा वावरत होता. पाठीवर खुणा नसलेली, पोटाला लाल अशी ती जात २०१२ साली शास्त्राच्या वहीत गेली, आणि ती मांडणाऱ्यांत वरद गिरी आणि हेमंत ओगले ही मराठी नावंही आहेत. ज्या सह्याद्रीत आपण दर पावसाळ्यात झुंडीने धबधबे बघायला जातो, त्याच मुलखातली ही गोष्ट.

नागपंचमीला दूध-लाह्या नागाला. दोन तोंडांच्या आणि गुप्तधनाच्या अफवा मांडुळाच्या मागे, आणि त्या अफवांपायी त्याचा चोरटा व्यापार. धूळनागीण, धामण यांच्याबद्दलही गावोगाव काही ना काही बोललं जातं. पोवळ्याबद्दल मी कुठे काही ऐकलेलं नाही. ना पूजा, ना शाप, ना औषध, ना धन. पूर्वी मला हे त्याचं दुर्दैव वाटलं असतं. आता वाटतं, एवढं नशीबवान कोणी नाही. माणसाने ज्या प्राण्याला स्वतःच्या गोष्टीत ओढलं त्याचं पुढे काय झालं ते मांडुळाला विचारावं.

तपकिरी पाठ वरून बघणाऱ्या पक्ष्यासाठी, निळी शेपटी अंगावर आलेल्यासाठी, विष वाळ्यासाठी. या छोट्याशा देहावर एवढा मजकूर लिहिलेला आहे आणि त्यातली एक ओळही आपल्याला उद्देशून नाही. मला यात उपेक्षा वाटत नाही, उलट मोकळं वाटतं. आपल्या घरामागे असे कितीतरी व्यवहार चालू असतात ज्यांत आपण ना गिऱ्हाईक ना पंच. प्रत्येक जिवाने आपल्याला उपयोगी असावं किंवा निदान घातक असावं, तरच त्याची दखल घ्यायची, ही सवय सुटायला एखादा पोवळा पुरतो.

त्या दिवशी सर्पमित्राने बरणी परसाच्या दुसऱ्या टोकाला, पेरूखालच्या पाचोळ्यात आडवी केली. “इथंच सोडतोस होय रे?” आत्याने विचारलं. “आजी, तो इथलाच आहे. विटा तुम्ही हलवल्यात,” तो म्हणाला. आत्या काही बोलली नाही. साप पाचोळ्यात शिरला आणि लाल, निळं सगळं मातीकडे तोंड करून गडप झालं.

पोवळ्याचे खरे हाल काठीने होत नाहीत. काठी मारायला तो दिसावा लागतो. त्याचे हाल होतात पेव्हर ब्लॉकने, सिमेंटच्या कोब्याने, झाडून-जाळून लख्ख ठेवलेल्या आवारांनी. ओली माती गेली की मुंग्यांची वारुळं जातात, मग वाळे, मग तो. आणि यातलं काहीच कोणाच्या लक्षात येत नाही, कारण मुळात कोणी त्याला पाहिलेलंच नसतं. आत्याने मागच्या अंगणात फरशी घालायचं जवळजवळ ठरवलं होतं. कामवाल्याकडून भावही आणला होता. यंदा तो बेत तिने रद्द केला. शेजारणी कारण विचारतात तेव्हा ती सापाचं नाव काढत नाही. “पाणी मुरायला नको का गं कुठे?” एवढंच म्हणते, आणि ते कारणही काही खोटं नाही.